शाफ्टमध्ये ‘हो’ चालत नाही

माझ्या मेंदूत चार रसायनं कमी पडली आहेत. हे मला आधी डॉक्टरबाईंनी सांगितलं, मग बायकोने, मग मेहुणीने, आणि आता खालच्या मजल्यावरचा चष्मेवालासुद्धा जिन्यात भेटला की विचारतो, "काय, वाढली का?" जणू मी डोक्यात कोंबड्याच पाळल्यात.

डॉक्टरबाई खरं तर असंही म्हणाल्या होत्या की हे इतकं सरळ नसतं, कमी पडलं आणि भरलं असा हा मामला नाही. पण तेवढं वाक्य घरात कुणी ऐकलंच नाही. मेहुणी दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करते आणि तिने शनिवार-रविवारचा कसलासा आनंदाचा कोर्स केलाय. तिने चौघांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजला चिकटवली. सेरोटोनिन, डोपामिन, ऑक्सिटोसिन, एंडॉर्फिन. प्रत्येकापुढे ते कशाने वाढतं ते. ऊन, चालणं, माणसं, हसणं, केळी, अक्रोड, दही. सकाळी दूध काढायला जावं तर आधी ही यादी तोंडावर आदळते.

तीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करतोय. अडकलेल्या लिफ्टला मी कधी केळं दाखवलेलं नाही.

पण माझं घोडं अडलं होतं ते एका सहीपाशी. डॉक्टरबाईंची सही झाली तर मला माझी किल्ली परत मिळणार होती. लिफ्टची दारं बाहेरून उघडायची ती किल्ली. ती नसेल तर लिफ्टवाला म्हणजे नुसता जिने चढणारा माणूस. माझी किल्ली सहा आठवडे सेफ्टीच्या मॅडमच्या मागच्या बोर्डावर टांगलेली होती आणि मी खाली स्टोअरमध्ये बसून लोकांना नटबोल्ट काढून देत होतो. त्रेपन्नाव्या वर्षी! काल कामाला लागलेले लोक येऊन मला विचारायचे, "काका, बारा नंबरचा पाना आहे का?" अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आणि हे सगळं कशामुळे? अर्ध्या मिनिटामुळे.

आमच्या कामात एक नियम आहे. एक जण लिफ्टच्या टपावर चढतो, दुसरा सगळ्यात वर मशीनच्या खोलीत. एकमेकांचं तोंड दिसत नाही, फक्त आवाज. वायरींना हात लावायच्या आधी टपावरचा ओरडतो, "मेन बंद!" मशीनच्या खोलीतल्याने मेन स्विच पाडायचा आणि तेच शब्द परत म्हणायचे, "मेन बंद!" ‘हो’ म्हणायचं नाही. ‘बरं’ नाही, ‘हां’ नाही, ‘ठीक’ नाही. ‘हो’ म्हणजे ऐकलं, की केलं, की करतो, की कटकट करू नकोस, काहीही असू शकतं. म्हणून शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वरखाली फिरते त्या उभ्या बोगद्यात, ‘हो’ चालत नाही. शब्द परत ऐकू आले, की मग हात लावायचा. नाही आले तर हात खिशात.

टपावर बडबड्या होता. माझा जोडीदार, नऊ वर्षं. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, बाकी कुणी वापरत नाही. तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की संध्याकाळपर्यंत. बायकोने काय केलं, धाकट्याचा कुठला दात हलतोय, शेजाऱ्याने सायकल कुठे लावली, सगळं. त्या दिवशी एका नऊ मजली ऑफिसात काम होतं. लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये थांबलेली, त्याच्या समोर नुसती भिंत. टपावरच्या बटणांच्या डब्यातली वायर सुटली होती, त्यामुळे लिफ्ट ना वर ना खाली. त्याने डब्याचं झाकण काढलं आणि ओरडला, "मेन बंद!"

मी स्विचसमोरच उभा होतो. माझं डोकं जरा बाजूला गेलं. अर्धं मिनिट, जास्त नाही. मग त्याची हाक ऐकू आली, मी स्विच पाडला, "मेन बंद" म्हणालो, काम झालं, आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. "तुमच्या जोडीदाराने लेखी दिलंय. अर्धं मिनिट उत्तर आलं नाही. बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"वाटतंय की."

"तो लिहितो, गेले दोन-तीन महिने तुम्ही जेवत नाही, बोलत नाही." त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या. डॉक्टरांची सही आणा, घेऊन जा."

लेखी! नऊ वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लं त्याने, आणि अर्ध्या मिनिटासाठी कागद काळा केला! वर माझ्याशी बोलणंच बंद. मी दिसलो की नुसती मान हलवायची आणि सटकायचं. तीन-चार दिवस त्या माणसाच्या तोंडून अक्षर फुटलं नाही, जो झोपेतही बडबडतो. म्हटलं, गीळ मूग. चुगलखोर कुठला.

डॉक्टरबाईंनी बरंच विचारलं. झोप? भूक? कशात मन रमतं? काही घडलंय का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला आणि तोच मला सहन होत नव्हता. काही घडलं नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं, घर नीट, बायको चांगली. काहीतरी घडलं असतं तर निदान बोट दाखवता आलं असतं. नुसतं सगळं बेचव झालं होतं. सकाळी बूट घालायला बसलो की एक बूट घालून मी बसूनच राहायचो. पण हे डॉक्टरबाईंना कोण सांगणार? मी म्हणालो, जरा थकवा आहे. त्या म्हणाल्या, मग सहा आठवडे गोळ्यांशिवाय बघू. ऊन घ्या, व्यायाम करा, माणसांत राहा, झोपेची वेळ पाळा. आणि एक तक्ता दिला. रोज संध्याकाळी मनाला एक ते दहा यातला आकडा द्यायचा.

तिथून माझे हाल सुरू झाले.

सकाळी सात वाजता मला गच्चीवर उभं करायचे. बाह्या वर करून, तोंड उन्हाकडे. मेहुणी तिच्या घरून फोन करायची, "भाऊजी, डोळे मिटू नका हं, पण उन्हाकडे बघूही नका." मग बघू कुठे, तुझ्या कपाळाकडे? मग केळं. मग पाच अक्रोड, चार नाही, सहा नाही. संध्याकाळी चालणं, म्हणजे रमतगमत नाही, घाम यायला हवा. मेहुणी बरोबर यायची आणि सारखी घड्याळात बघायची. "आता एंडॉर्फिन सुटेल बघा." मी वाट बघायचो. सुटायची ती माझ्या बुटाची नाडी.

रविवारी मला बागेत हसायला नेलं. खरंच. वीस-बावीस माणसं गोल करून उभी आणि मधे एक गृहस्थ, पांढरे बूट घातलेले. ते म्हणाले, कारण शोधू नका, नुसतं हसा, मेंदूला खरंखोटं कळत नाही. सगळे हा-हा-हा करून हसायला लागले. माझ्या शेजारी एक आजोबा पोट धरून हसत होते. मला इतका राग आला की मी कंपाउंडच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. बायको मागोमाग आली. "अहो, प्रयत्न तरी करा."

"करतोय की! सकाळपासून प्रयत्नच करतोय! मेंदूला कळत नसेल, मला कळतंय ना!"

तिने माझी कॉलर नीट केली आणि आम्ही घरी आलो.

आणि ती मिठी. वीस सेकंदांची मिठी मारली की ऑक्सिटोसिन वाढतं, असं कागदावर लिहिलेलं. वीसच, कमी चालत नाही. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आम्ही घड्याळ लावून कधी जवळ आलो नव्हतो. ती स्वयंपाकघरात मला धरून उभी राहायची आणि हळू आवाजात मोजायची. चौदा, पंधरा, सोळा. सतराला दूध उतू जायचं. मग ती म्हणायची, "पुन्हा पहिल्यापासून," आणि मी म्हणायचो, "अगं राहू दे, सतरा चालतील." एकदा मात्र तिने मोजणं मधेच थांबवलं आणि तशीच उभी राहिली. तिचा श्वास माझ्या छातीला लागत होता. मला काही वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. त्याचा मला इतका वैताग आला, स्वतःचाच, की मी तिला बाजूला करून बाहेर जाऊन बसलो.

संध्याकाळी ती पेन घेऊन यायची. "आज किती?"

"आठ."

पहिल्या दिवशीपासून आठ. सात म्हटलं तर लगेच संशय येईल, दहा म्हटलं तर वेड लागलं म्हणतील. मधूनच एखादा नऊ टाकायचा, खरं वाटावं म्हणून. मला बरं व्हायचं नव्हतं असं नाही. मला आधी किल्ली हवी होती. टपावर उभा राहिलो की आपोआप बरा होईन, असं मला पक्कं वाटत होतं. शाफ्टमध्ये मला कधी वाईट वाटलं नव्हतं. तिथला तेलाचा वास, दोराचा आवाज, बोटाने नुसतं चाचपून कळणारा बिघाड. ते माझं होतं.

खोटं कशाला बोलू, चालण्याचा उपयोग व्हायचा. घाम येऊन घरी आलो की पंधरा मिनिटं डोक्यावरचं ओझं कुणीतरी काढून घेतल्यासारखं हलकं वाटायचं. चहाला चव लागायची. उन्हामुळे झोपही थोडी सुधारली. पण सोळाव्या मिनिटाला सगळं परत जागच्या जागी. मग आणखी चीड यायची. एवढा घाम गाळला आणि फक्त पंधरा मिनिटं?

सहाव्या आठवड्यात मेहुणीने शेवटचा गृहपाठ दिला. "भाऊजी, ज्याने आपलं वाईट केलं त्याला माफ करायचं. तोंडावर जाऊन. मन मोकळं झालं की चारही एकदम वाढतात."

"चारही?"

"चारही."

"मग ते अक्रोड कशाला चारलेस दीड महिना?"

"भाऊजी, तुम्ही म्हणजे एक अजब रसायन आहात," ती म्हणाली आणि हसत सुटली. बायकोही हसली. दीड महिन्यात ती पहिल्यांदाच हसली असेल. म्हटलं, चला, एवढंही करून टाकू. शुक्रवारी दुपारी डॉक्टरबाईंकडे जायचं होतं, सोमवारी किल्ली. सोमवारपासून पुन्हा बडबड्याबरोबरच चढायचं होतं, मॅडमनी तसं लावूनही टाकलं होतं. आता टपावर असला माणूस असेल आणि मनात अढी असेल तर काम कसं व्हायचं?

गुरुवारी कामावरून सुटलो आणि त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. मला बघून तिचा चेहराच उतरला. एरवी "या दादा, या" करून डोकं उठवणारी बाई, नुसती बाजूला झाली. मला वाटलं, नवऱ्याने केलंय त्याची लाज वाटत असेल बिचारीला. मुलं बाहेर खेळायला गेली होती. बडबड्या खुर्चीतून उठला, माझ्यासाठी ती सरकवली, आणि स्वतः पलंगावर बसला. तिने पाणी आणून ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बसली नाही.

मी फार फाटे फोडले नाहीत. "मी तुला माफ केलंय," म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. "कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? लेखी दिलंस त्याबद्दल. अर्ध्या मिनिटासाठी माझी किल्ली घालवलीस. पण जाऊ दे. झालं गेलं. सोमवारी नव्याने सुरू करू."

त्याने मान खाली घातली. दारातून त्याची बायको म्हणाली, "तू सांगतोस की मी सांगू?"

"राहू दे गं."

"काय राहू दे? सोमवारी तू परत त्यांच्याबरोबर चढणार आहेस. सांग त्यांना."

"काय सांगायचंय?" मी म्हणालो. मला वाटलं, आता आणखी काय लिहून दिलंय याने.

बडबड्याने दोन्ही हात मांड्यांवर चोळले. "दादा, ते अर्धं मिनिट नव्हतं."

"बरं, एक असेल. दोन असतील."

"अकरा होती."

मी हसलो. खरंच हसलो, बागेतल्या लोकांपेक्षा बरं. "अकरा सेकंद?"

"मिनिटं. घड्याळ होतं माझ्या हातात."

"हो," मी म्हणालो. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"‘हो’ नको." त्याचा आवाज चढला नव्हता, पण कधी ऐकला नव्हता असा होता. "म्हण."

मी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. दोघांपैकी कुणीही नजर हलवली नाही.

"अकरा मिनिटं," मी म्हणालो.

मग तो बोलायला लागला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्याचा शब्दन् शब्द ऐकला. पहिल्या मिनिटाला त्याला वाटलं मी मस्करी करतोय. मग त्याला वाटलं मी पडलोय, माझं हृदय बंद पडलंय. फोनला रेंज नव्हती. त्याने पान्याने लोखंडावर ठोकलं, भिंतीवर ठोकलं. आत मुंगी शिरायला जागा नाही, तोंडासमोर उघडा डबा, आत वायरी, त्यांत करंट आहे की नाही ते कळायला मार्ग नाही. हात वर करावा तर दोर, मागे व्हावं तर पोकळी. पाचव्या मिनिटाला उभं राहवेना. बसायची सोय नव्हती. मग तो नुसता माझं नाव घेऊन ओरडत राहिला.

"घसा बसला, दादा. चार दिवस आवाजच नव्हता. डॉक्टर म्हणाले, बोलू नकोस."

म्हणजे तो मूग गिळून बसला नव्हता. त्याला बोलताच येत नव्हतं, आणि माझ्यासाठीच ओरडून ओरडून तसं झालं होतं.

"आणि मी?" मी विचारलं. "मी नंतर काय म्हणालो?"

"तू खाली आलास आणि म्हणालास, चल, चहा घेऊ."

त्याची बायको आत निघून गेली. आत भांडं आपटल्याचा आवाज आला.

"मग अर्धं का लिहिलंस?"

"अकरा लिहिली असती तर तुला कायमचं घरी बसवलं असतं. माहितीये ना तुला मॅडम कशा आहेत."

"मग लिहिलंसच कशाला? गप्प बसायचं होतंस."

"दोन पोरं आहेत, दादा," तो म्हणाला.

मी घरी चालत आलो. घाम आला, पण हलकं वगैरे काही वाटलं नाही. मी त्या अकरा मिनिटांतली साडेदहा शोधत होतो. स्विच आठवत होता, पॅनेलवरचा लाल दिवा आठवत होता, त्याची हाक आठवत होती. मधलं काहीच नव्हतं माझ्याकडे. एक माणूस माझं नाव घेऊन घसा फुटेस्तोवर ओरडतो आणि मी तीन मजले वर उभा असून मला पत्ता नाही? मी इतका घाबरलो होतो की आमच्या इमारतीवरून पुढे निघून गेलो आणि परत मागे आलो.

आणि तरीही, हे सांगायची लाज वाटते, शुक्रवारी सकाळी दाढी करताना मी ठरवलं की गप्प बसायचं. कागदावर अर्धंच मिनिट आहे. तक्त्यावर आठच आहेत. बडबड्या बोलणार नाही, त्याला बोलायचं असतं तर केव्हाच बोलला असता. मी काळजी घेईन, डोळ्यांत तेल घालून उभा राहीन. एकदा टपावर गेलो की सगळं ठीक होईल. मी आरशात बघून स्वतःला हे तीनदा सांगितलं.

डॉक्टरबाई तक्ता बघून खूश झाल्या. "आठ, आठ, आठ, नऊ. अरे वा. चालताय वाटतं?"

"रोज."

"ऊन?"

"रोज."

"छान. शरीर कामाला लागलं की मेंदूही लागतो. बऱ्याच जणांना एवढंसुद्धा करवत नाही." त्यांनी फॉर्म पुढे ओढला, त्यावर माझं नाव आधीच घातलेलं होतं. पेन उचललं. "मग सोमवारपासून कामावर. तयार आहात ना?"

एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. दिवसातून पन्नास वेळा मी ते घरात म्हणत होतो. खाल्लंत का, हो. झोपलात का, हो. बरं वाटतंय का, हो. माझ्या तोंडाशी आलंही होतं.

"थांबा," मी म्हणालो.

मी का थांबवलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. चांगुलपणा वगैरे काही नव्हता. मला फक्त तो दिसला, उघड्या डब्यासमोर हात अंगाशी धरून उभा असलेला. आणि मला स्वतःचा भयंकर राग आला. मी त्यांना अकरा मिनिटं सांगितली. एक बूट घालून बसून राहणं सांगितलं. बायकोची मिठी सांगितली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग हे आकडे?"

"खोटे आहेत. सगळे."

"खरे किती?"

"दोन. कधी तीन. चालून आल्यावर चार, पंधरा मिनिटं." मग मला रागच आला. "सगळं केलं हो मी! एक दिवस चुकवला नाही. केळी खाल्ली, अक्रोड खाल्ले, उन्हात माकडासारखा उभा राहिलो. त्या बागेत जाऊन आलो! मग दोनच का?"

"कारण तुम्ही आजारी आहात," त्या म्हणाल्या, "आणि मला थकवा सांगितलात. चालणं आणि ऊन सोडू नका, ते तुमच्या उपयोगाचंच आहे. पण एवढं ओझं एकट्या चालण्यावर टाकायचं नसतं." त्यांनी गोळ्या लिहिल्या. त्या अकरा मिनिटांसाठी डोक्याच्या तपासण्या लिहिल्या. दर आठवड्याला येऊन बोलायला एका बाईंचं नाव लिहिलं. फॉर्म त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. "किल्लीचं तीन महिन्यांनी बघू. नक्की सांगत नाही."

तीन महिने! वर नक्की नाही! मी दार जरा जोरातच लोटलं.

बाहेर बाकावर बायको बसली होती. माझा चेहरा बघून उठली. "नाही झाली?"

"नाही." मी तिला तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आकड्यांचंही. वाटलं, आता ऐकवेल मला. सहा आठवडे ती पेन घेऊन येत होती आणि मी तिला गंडवत होतो.

ती माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, "मला तुमच्या त्या आठची भीती वाटायला लागली होती. ताटातलं तसंच ठेवून उठायचात आणि आठ म्हणायचात. मी कुणाला विचारणार होते?" तिने डोळे पुसले आणि माझ्या हातातला गोळ्यांचा कागद घेतला. "मी औषधं आणते. तुम्ही त्याला फोन करा. सोमवारी येणार नाही म्हणून सांगा."

मी पायऱ्यांवर उतरून फोन लावला. बडबड्याने लगेच उचलला, जणू हातात घेऊनच बसला होता.

"सही झाली नाही," मी म्हणालो. "मीच सांगितलं त्यांना. अकरा मिनिटं. सोमवारी तुला दुसरा जोडीदार घ्यावा लागेल."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. त्या माणसाकडून, काही नाही.

"ऐकतोयस ना?"

"सोमवारी दुसरा जोडीदार," तो म्हणाला. मग घाईघाईने, "दादा, मी नंतर बोलतो हं, नंतर करतो फोन," आणि त्याने फोन कुठेतरी ठेवला. बंद न करताच ठेवला, नेहमीसारखाच गडबडीत. मला त्याची पावलं ऐकू आली. मग आत कुणाला तरी सांगतानाचा त्याचा आवाज, लांबून.

"नाही चढत तो. अगं ऐक, सोमवारी नाही चढत तो माझ्याबरोबर."

आणि त्याची बायको रडायला लागली. दाबून नाही, मोठ्याने, आठवडाभर धरून ठेवलेलं एकदम सुटल्यासारखी. तो तिला "झालं आता, झालं" म्हणत होता, आणि मग त्यालाही बोलता येईना.

मी फोन कानाला लावून पायरीवर उभा होतो. बोचलं मला. नऊ वर्षं त्या घरात मी दादा होतो. पण त्या बाईचं काही चुकत नव्हतं. मग मीच फोन ठेवला.